भिंतीपलीकडचे टमाटे

आमच्या भिंतीपलीकडचा माणूस टमाट्यांची विचारपूस पाहुण्यासारखी करतो. सकाळी दात घासता घासता भिंतीवरून डोकावतो, "आबा, टमाटा कसा शेतस?" त्याचे संकरित, गोल, कुंड्यांमधले. माझे गावरान, चपटे, आंबट. त्यांचं बी मी दरसाल राखेत चोळून स्वतः धरतो. बाजारात ते मिळत नाही. तो त्यांना "चटणीना टमाटा" म्हणून हसतो. मी हसत नाही.

यंदा माझ्या रोपांवर बोकड्या आला, पानं पार आखडली. ती उपटली नाहीत तर रोग त्याच्या कुंड्यांत जाणार, हे मला कळत होतं. पण उपटली की माझं बी संपलं. तो रोज म्हणायचा, "आबा, उपटी टाका." मी म्हणायचो, "तुन्हं तू देख."

परवा त्याने भिंतीवर एक कुंडी आणून ठेवली. तिला माझे चपटे टमाटे लागले होते. गेल्या साली मी खायला दिलेल्यातलं बी त्याने गुपचूप लावलं होतं.

"हाई रोप तुमनं शे," तो खाली बघत म्हणाला. "आते तरी त्या उपटा."

मी सगळी रोपं उपटली. मग कुंडी उचलून ओट्यावर नेली आणि मातीत बोट घालून त्याला सांगितलं, "भाऊ, पानी जास्त टाकस तू."