निरोप्या वेळेआधी आला

वेळेवर येणारी माणसं मी पाहिली आहेत, उशिरा येणारी तर आमच्या घरातच आहेत; पण वेळेच्या आधी येऊन दुसऱ्याचा जीव नकोसा करणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो माझा थोरला साडू आहे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथल्या भोंग्याने अंगात जी घाई भरली ती निवृत्तीनंतरही उतरली नाही. नाशिकरोड स्टेशनवर ते इतके लवकर पोहोचतात, की आधीच्या गाडीने जाणाऱ्या अनोळखी लोकांना हात हलवून निरोप देतात. लग्नाला जातात तेव्हा मांडववाला अजून बांबू उतरवत असतो. माझ्याच लग्नात, सासरचा थोरला जावई, ज्याचा मान पहिला, त्याला आचाऱ्याने आपला माणूस समजून कांदे चिरायला बसवलं, आणि यांनी ते मुकाट्याने चिरले. कहर झाला तो देवळ्याला. तिथले आमचे चुलत सासरे अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि साडू पांढरी टोपी घालून दारात हजर झाले. सासरे ओट्यावर बसून चहा पीत होते. "कुणीकडं निघालात जावईबापू?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडंच," साडू म्हणाले, "पण असू द्या, काय घाई नाय." सासरे पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे.

अशा माणसाने एकाच बाबतीत टाळाटाळ केली, आणि ती स्वतःच्या मुलीच्या बाबतीत. पल्लवी बँकेत आहे. तिचं प्रेम बसलं ते नाशिकरोडच्या एका कॉलनीतल्या शाळामास्तरावर. मुलगा गुणी, निर्व्यसनी, बोलायला गोड; साडूंना तो मनापासून आवडला होता. पण तो बौद्ध घरातला, आणि आमचं गोत वणीकडचं, शेतीवाडीचं. भाऊबंद काय म्हणतील, या धास्तीने साडूंच्या तोंडून हो निघेना आणि नाही म्हणायला जीभ रेटेना. पल्लवीने विषय काढला की "बघू" म्हणायचं आणि कुंड्यांना पाणी घालायला बाहेर जायचं. त्या वर्षी आमच्या कुंड्यांतली झाडं कुजली, म्हणजे साडू आमच्याकडेही येऊन पाणी घालत होते! त्यात मुलाच्या आईचं दुखणं विकोपाला गेलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या बाईंनी निरोप धाडला, "एकदा चहाला या. सून घरात आलेली मला डोळ्यांनी बघायचीय." साडू म्हणाले, "बघू." पल्लवी रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, मी पळून जाणार नाही. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच लग्न करीन. पण आईंच्या हातात तेवढे दिवस नाहीत."

याच सुमारास मी नाट्यस्पर्धेसाठी आमच्या हौशी मंडळाचं नाटक बसवत होतो. दोन वैरी घराण्यांतल्या मुलामुलीची ती परदेशी, जुनी, जगाला ठाऊक असलेली शोकांतिका. मुलगी औषध घेऊन मेल्यासारखी निजते. ती जिवंत आहे हा निरोप मुलाला वेळेवर पोहोचत नाही. तो विष पितो, मग ती कट्यार मारून घेते. निरोप्याचं काम करणाऱ्याला ऐनवेळी कावीळ झाली आणि मी, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे, ते काम साडूंना दिलं. एकच प्रवेश, तोही सगळं संपल्यावर. पण ज्याला उशीर म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याने उशिरा यायचं होतं!

तालमीत ते माझ्याशी हुज्जत घालायचे. "पाहुणे, पोरगी जिवंत हाय, एवढा मोठा निरोप, आणि हा बाबा वाटेत अडकून बसतो? आमच्या खात्यात याला एक दिवस ठेवला नसता."

"दादा, तो लवकर आला तर नाटकच राहत नाही."

"नाय राहिलं तर नाय राहिलं. पोरं तर राहतील?"

शेवटी मी त्यांना सप्तशृंगीची शपथ घातली. शिवाय तालमीत त्यांच्या पायघोळ अंगरख्याचं टोक विंगेत स्वतःच्या मुठीत धरून उभा राहायचो.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी पल्लवीने घरी पुन्हा विचारलं होतं. मास्तराच्या आईंना आज धड बोलताही येत नाही, तरी त्यांनी तुमची चौकशी केली, असं ती सांगत होती. साडूंनी या खेपेला "बघू" सुद्धा म्हटलं नाही. प्रयोगाला ते आले. अंगरखा चढवला, दाढी डिंकाने चिकटवली आणि विंगेत उभे राहिले. शेवटचा प्रवेश सुरू झाला. थडग्यावर नायिका निजलेली, नायक तिच्या उशाशी, हातात विषाची कुपी. साडूंचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात मागचा पडदा अडकला. तो ओढायला मी अंगरख्याचं टोक सोडलं.

"थांब रे! जिवंत हाय ती!"

हे वाक्य माझ्या संहितेत नव्हतं. साडू रंगमंचाच्या मधोमध पोहोचले होते. नायकाचं काम करणारा मुलगा भलता शिस्तीचा. काही झालं तरी प्रवेश पुरा करायचा, हे मी त्याच्या डोक्यात हातोड्याने ठोकलं होतं. त्याने साडूंकडे पाहिलं, कुपीकडे पाहिलं, आणि हे आता हिसकावतील या भीतीने घटाघटा पिऊन आडवा झाला. प्रेक्षागृह हास्याने फुटलं. नायिका उठली, कट्यार चाचपू लागली. ती तर साडूंनी केव्हाच उचलली होती. "काका, द्या ना," ती ओठ न हलवता कुजबुजली. "नाय देणार," साडू मोठ्याने म्हणाले. मग ते त्या मुलाशेजारी मटकन बसले आणि त्याचा खांदा हलवू लागले. "अरे, मी आलो होतो ना. आलो होतो ना मी. मग का प्यालास?" हसणारी माणसं हळूहळू गप्प झाली. तिसऱ्या रांगेत पल्लवी उभी राहिलेली मला दिसली. मी पडदा पाडला.

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, मी काय आरती ओवाळायची होती? त्यांच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. "गाडी काढा," ते म्हणाले, "नाशिकरोडला जायचंय." संध्याकाळच्या गर्दीत माझ्या स्कूटरवर मागे फडफडणारा अंगरखा आणि गुडघ्यापर्यंत दाढी. सिग्नलला लोक हात जोडत होते. माझा राग द्वारकेच्या चौकापर्यंत टिकला. तिथे साडूंनी माझा खांदा धरला आणि विचारलं, "उशीर तर नाय ना झाला?"

दार मास्तराने उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला. आतल्या खाटेवर त्याची आई होती, उशांना टेकवलेली, अगदी वाळून गेलेली. साडू उंबऱ्यात अडखळले. "ताई, मी पल्लवीचा बाप," ते म्हणाले. "पोरगी तुमची झाली."

बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "घरी पण असेच असता का?"

"दाढी नाटकातली हाय."

"मग काढा की. व्याह्यांचं तोंड तरी दिसू द्या."

डिंक काही सुटेना. बाईंनी मुलाकडून खोबरेल मागवलं, साडूंना खाटेला टेकून जमिनीवर बसवलं आणि कापसाचा बोळा तेलात भिजवून स्वतः एकेक बट सोडवू लागल्या. हात दमला की थांबायच्या, पुन्हा लागायच्या. साडू लहान मुलासारखे हनुवटी वर करून बसले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मागोमाग रिक्षाने आलेली पल्लवी दारातच थांबली.

"काय गोष्ट होती नाटकाची?" बाईंनी विचारलं.

मीच थोडक्यात सांगितली.

"मग? वाचली का पोरं?"

साडूंनी अर्ध्या दाढीनिशी माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिलेली नाही.

"वाचली," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात त्या खाटेसमोर लग्न लागलं. भंतेजी आले होते. वणीहून मात्र एकच भाऊ आला. बाईंनी निजल्या निजल्या फुलं टाकली, त्यातली निम्मी त्यांच्याच अंगावर पडली. उन्हाळा सरता सरता त्या गेल्या. मी त्यांना दोनदाच भेटलो, आणि त्यातल्या एकदा खोटं बोललो. पण त्या "वाचली" वर त्यांनी मान हलवून ज्या समाधानाने डोळे मिटले, ते आठवलं की मला अजून बरं वाटतं.