फरशीकामासमोरचं नाव

माझा जन्म कलकत्त्याचा. वडील बागबाजारातल्या एका शाळेत गणित शिकवत आणि आम्ही शाळेमागच्या गल्लीतच राहत असू. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती जिथून खंदक खणायला सुरुवात झाली, त्याच भागात एक मराठी कुटुंब सुखाने नांदतंय, याची शेजाऱ्यांना फार गंमत वाटे. ते आम्हाला लाडाने 'बर्गी', म्हणजे लुटायला आलेले मराठे स्वार, म्हणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. माझी मराठी आईच्या स्वयंपाकघराएवढीच होती. कामाधंद्याचे शब्द मला आजही आधी बंगालीत सुचतात.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी मी टायपिंग शिकून डलहौसी स्क्वेअरजवळ एका बांधकाम कंत्राटदाराकडे नोकरीला लागले. सरकारी इमारतींची टेंडरं भरणं हे कचेरीचं मुख्य काम. मालक टेंडर स्वतःच्या नावावर भरत. काम मिळालं की मग नळाचं एकाला, विजेचं दुसऱ्याला, फरशीचं तिसऱ्याला, असे तुकडे पाडून पोटकंत्राटदारांना वाटत. कोणाला द्यायचं ते काम हातात आल्यावरच ठरे, आणि जो सर्वांत कमी पैशांत तयार होई त्याला ते मिळे. इमारत उभी राहिली की पाटीवर नाव एकट्या मालकांचं. सगळीकडे असंच चाले. यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

शहराच्या दक्षिणेला, बेहाल्याच्या बाजूला एका सरकारी इस्पितळाची नवी इमारत व्हायची होती. त्या टेंडरला खात्याने एक नवी अट जोडली. कोणतं काम कोणाकडून करून घेणार, त्यांची नावं टेंडरमध्येच लिहायची. त्या माणसाने पूर्वी कुठे काय केलंय तेही लिहायचं, दाखल्यासकट. आणि एकदा दिलेलं नाव खात्याला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. मालक दिवसभर धुसफुसत होते. काम मिळायचा पत्ता नाही आणि माणसं आत्तापासून नेमायची, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे याला बाजारात तुरी म्हणतात, असं मी त्यांना सांगणार होते, पण ते बंगालीत कसं सांगायचं ते सुचलं नाही.

बाकीची नावं लवकर भरली गेली. फरशीकामापुढची जागा तेवढी रिकामी होती, कारण आमचा नेहमीचा माणूस दुसऱ्या कंत्राटदाराने आधीच आपल्या टेंडरमध्ये लिहून टाकला होता. मग मालकांनी बेहाल्याहून एकाला बोलावून घेतलं.

ते आले तेव्हा मी यंत्रावर मान खाली घालून बसले होते. तिशीचा माणूस, धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, नखांच्या कडांना सिमेंटची पांढुरकी रेघ. फाळणीनंतर आईला घेऊन ढाक्याहून आलेले. लग्न झालं नव्हतं. तिकडे त्यांचा मोझॅकचा मोठा कारखाना होता. संगमरवराचे बारीक खडे सिमेंटमध्ये मिसळून ओतायचे आणि वाळल्यावर आरशासारखं घासायचं, ते काम. इथे पत्र्याची एक शेड होती आणि दोन गडी.

मालकांनी मला त्यांची आधीची कामं लिहून घ्यायला सांगितलं. त्यांनी एकेक नाव सांगायला सुरुवात केली. ढाक्यातल्या एका कॉलेजचा व्हरांडा. नारायणगंजची स्टीमर कचेरी. एका जमीनदाराच्या घरचं पूजेचं दालन. मला फक्त इमारतीचं नाव हवं होतं, पण त्यांना तेवढ्यावर थांबता येत नव्हतं. स्टीमर कचेरीच्या फरशीत हिरवे खडे घातले होते, कारण तिथल्या साहेबाला नदीचा रंग हवा होता. पूजेच्या दालनात बायका अनवाणी यायच्या, म्हणून तिथलं घासकाम त्यांनी स्वतः केलं होतं. मी टाइप करायचं सोडून ऐकत राहिले.

दाखले मात्र नव्हते. कागद तिकडेच राहिले होते. ज्यांनी दाखले द्यायचे ते अधिकारीही कुठे कुठे पांगले होते.

त्या कामासाठी त्यांना बरेचदा यावं लागलं. मालक भेटेपर्यंत ते माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसत. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचा देश कुठला?" बंगालीत देश म्हणजे आपलं मूळ गाव. मी म्हटलं, वाईजवळ. वडील नेहमी 'आम्ही देशावरचे' म्हणत, तेव्हा लहानपणी मला वाटे की तेही बंगालीच बोलतायत. पण मी तो देश कधी पाहिलेला नाही.

"माझं उलट आहे," ते म्हणाले. "मी पाहिलाय. तो नसता पाहिला तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं."

त्यानंतर ते यायचे असले की माझं लक्ष जिन्याकडे असे. पायांचा आवाज ओळखू यायला लागला होता. घरी आई वाढत असताना माझा घास तसाच हातात राही आणि ती विचारी, कुठे गेलीस?

टेंडर भरायची मुदत जवळ आली तसा मालकांनी एक मार्ग काढला. फरशीकामापुढे आपल्या मेहुण्याचं नाव लिहायचं. त्याच्याकडे दाखल्यांची चळत होती. प्रत्यक्ष काम यांनी करायचं. पैसे ठरतील तेवढे मिळतील, नाव फक्त कागदावर दुसऱ्याचं. मालकांच्या मते यात दोघांचीही सोय होती. फरशीवाले बाकावरून उठून उभे राहिले. त्यांना कामाची गरज होती हे शेड पाहिलेल्या कुणालाही कळलं असतं.

मग ते शांतपणे म्हणाले, "तिकडे माझं सगळंच राहिलं. इथे निदान नाव तरी माझंच लावा."

मालक चिडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि मला सांगितलं की खात्याला पत्र टाइप कर, सरहद्दीपलीकडची कामं धरतात का विचार. खात्याचं उत्तर आलं. दाखले नसतील तर प्रतिज्ञापत्र द्या, आणि खात्याच्या आवारात नमुन्याचा एक चौकोन स्वखर्चाने घालून दाखवा.

नमुना तपासला जाणार होता त्या दिवशी मालक मला नोंदी घ्यायला बरोबर घेऊन गेले. आम्ही पोचलो तेव्हा ते उकिडवे बसून दगडाने शेवटचं घासत होते. पाणी ओतलं आणि राखाडी चिखलाखालून खडे वर आले; पांढरे, काळे आणि मध्ये थोडे हिरवे. इंजिनीअरांनी बुटाने दाबून पाहिलं, वाकून हात फिरवला आणि चालेल म्हणाले. हातातला दगड बाजूला ठेवून फरशीवाले माझ्याकडे बघून हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचा तो घासणारा हात, ते ओले खडे, आवारातल्या कदंबाची सावली, सगळं मला आजही हवंसं वाटतं. त्या वेळी मात्र मी वहीत मापं लिहीत होते.

टेंडरं उघडली गेली तेव्हा खोलीत कंत्राटदारांची गर्दी होती. अधिकारी प्रत्येक टेंडरचा आकडा वाचत आणि मग पोटकंत्राटदारांची नावं. आमच्या टेंडरचं वाचताना फरशीकामाशी आल्यावर त्यांचं पूर्ण नाव, बेहाल्याच्या पत्त्यासह, मोठ्याने वाचलं गेलं. ते दाराशी उभे होते. नाव ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

काम आम्हाला मिळालं नाही. दुसऱ्या एकाचा आकडा आमच्यापेक्षा खाली होता आणि त्याने फरशीसाठी दुसऱ्याच माणसाचं नाव दिलं होतं. मालकांना वाईट वाटलं, पण त्यांच्या हातात आणखी चार कामं होती. यांच्याकडे काहीच नव्हतं.

पण त्या खोलीत बसलेल्या एका कंत्राटदाराने ते नाव ऐकून ठेवलं होतं. दामोदर नदीच्या खोऱ्यात धरणाच्या कामगारांसाठी वसाहत उभी राहत होती, तिथे त्याला फरशीचा माणूस हवा होता. तो नमुना पाहून आला आणि पत्ता शोधत बेहाल्याला गेला. दोन-तीन वर्षांचं काम होतं. जे नाव मीच टाइप केलं होतं, त्याचा माग काढत कुणीतरी आलं आणि त्यांना घेऊन चाललं.

जायच्या आधी ते कचेरी सुटायच्या वेळी आले. आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. बागबाजारची ट्राम आली, ती मी सोडली. पुढचीही सोडली.

"तिथे दोन खोल्यांचं घर देणार आहेत," ते म्हणाले. "मी दिवसभर कामावर असणार. आईला एकटीला तिथे करमायचं नाही."

ते काय विचारत होते ते मला कळलं. घरी वडिलांनी त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका स्थळाचा विषय काढला होता. आईचा चेहरा, शेजारपाजार, सगळं डोळ्यांसमोर आलं. भाषेबाहेर, जातीबाहेर जाणं तेव्हा मला कुठल्याही सरहद्दीइतकंच अवघड वाटत होतं.

"शेजार मिळेल त्यांना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तिसरी ट्राम आली तेव्हा त्यांनीच मला चढायला सांगितलं.

सुरुवातीला पत्रं आली. खडे कुठून आणले, उन्हाने सिमेंट कसं लवकर धरतं, आईला तिथली हवा मानवली, असं सगळं. मी उत्तरं लिहीत असे. मग एका पत्रात आईच्या आग्रहाने लग्न केल्याचं साधेपणाने कळवलं होतं. त्यानंतर मीही लिहिलं नाही, त्यांनीही नाही. माझं लग्न बँकेतल्या एका मराठी गृहस्थांशी झालं. ते भले होते. मी सुखात होते असं म्हटलं तर ते खोटं नाही.

पुढे यांची बदली आसनसोलला झाली. एकदा आम्ही दामोदरचं ते धरण पाहायला गेलो आणि तिथल्या विश्रामगृहात जेवायला थांबलो. व्हरांड्यात पाऊल टाकताच मी चप्पल काढली. फरशी गार होती आणि कडेने हिरव्या खड्यांची बारीक पट्टी गेली होती. हे कुणी केलं, असं मी चौकीदाराला विचारलं. त्याने दाराशेजारची कंत्राटदाराची पाटी दाखवली. त्याला तेवढंच ठाऊक होतं. फरशीवाले नंतर कुठे गेले, ते कुणालाच सांगता येईना.

मी खांबाला टेकून खालीच बसले. जेवण तयार झालं तरी उठले नाही, तेव्हा हे बाहेर आले.

"थकलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "अहो, थोडा वेळ बसू द्या."