बेटाला प्रदक्षिणा घालणारे व्याही

समुद्रात जेवढी म्हणून बेटं आहेत तेवढी पायी चालून तपासण्यासाठी देवाने एक माणूस नेमला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. लोक बेटावर जातात, पाण्यात डुंबतात, नारळपाणी पितात, फोटो काढतात आणि परत येतात. आमच्या व्याह्यांच्या मते त्यांनी बेट पाहिलेलंच नसतं. बेट पाहिलं असं कधी म्हणायचं? तर बेट उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून काठाकाठाने चालत निघायचं आणि पूर्ण वळसा घालून निघालो तिथेच परत यायचं, तेव्हा. देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा. "बेट हा एकच मुलूख असा आहे व्याहीबुवा," ते मला म्हणाले होते, "जो माणसाला पुरता पाहता येते. लखनौ पाहून झालं का आपलं? वर्धा झाली का? बेट मात्र पाहून होते." ऐकायला गोड वाटतं. त्यांच्यामागून चालताना पायांना काय वाटतं ते मला विचारा.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, दुष्काळी गावचा. सोळाव्या वर्षी लखनौला आलो, एका गाववाल्याच्या भट्टीवर राबलो, आणि आज निशातगंजात माझं स्वतःचं गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा आमचा धंदा. या धंद्यात जीभ तिखट लागते. भाव करताना मी सख्ख्या भावालाही सोडत नाही आणि ओरडायला लागलो की समोरच्या गल्लीतली कुत्री उठून जातात. पण या एका माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटते, कारण माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला उलट बोलायचं नाही, हे माझ्या आईने मला भाकरीबरोबर भरवलं आहे. काळ बदलला, मुलांनी आपलं आपण जमवलं, हुंडा-बिंडा काही नाही, सगळं खरं. तरी ते दारात आले की मी आपोआप उभा राहतो आणि तोंडातून निघतं, "या पाव्हणं, बसा."

हे पाव्हणे मूळचे वर्ध्याकडचे; लखनौतल्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि इथेच जानकीपुरममध्ये राहतात. तेहतीस वर्षं काचेच्या नळ्या मोजल्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी चिठ्ठी लावलेली आहे. साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं समजू शकतो; यांच्या छत्रीवर 'छत्री' लिहिलेलं आहे. निवृत्तीनंतर त्यांनी पाठीवर पिशवी लावून स्वस्तात फिरायचं व्रत घेतलं. पिशवी साडेपाच किलोच्या वर जाऊ द्यायची नाही. हे वजन करायला ते माझ्या दुकानात आले. माझ्या ज्या काट्यावर आजवर चांदीच्या विटा चढल्या, त्याच्यावर व्याह्यांचे दोन बनियन, एक पंचा आणि जवसाच्या चटणीची पुडी चढली. काटा थोडा वर गेला, तर त्यांनी माझ्याकडून करवत मागून घेऊन दात घासायच्या ब्रशची अर्धी दांडी कापली. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. "देखिए, बेकार का वज़न आदमी दाँतों से ही ढोना शुरू करता है," असं त्यांनी एका सराफाला अगदी लखनवी अदबीने समजावून सांगितलं. मी हसलो. काय करणार?

त्यांच्यासोबत जायची वेळ माझ्यावर आली ती मुलांच्या प्रेमापोटी. मुलगी-जावयाने कुठल्याशा सेलमध्ये फिलिपिन्सची चार तिकिटं घेतली: दोन्ही आईबापांनी मिळून बेटं पाहून यावीत, व्हिसा लागत नाही, रोज होडीने नवीन बेट. एका खोलीत आठ माणसं झोपतात हे कळल्यावर दोन्ही विहिणींनी अंग काढून घेतलं. उरलो आम्ही दोघे. तिकिटं परत होत नव्हती, आणि फुकट जाणारी वस्तू मला बघवत नाही.

माझं स्वतःचंही एक काम तिकडे होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. भट्टीवर पहिली तीन वर्षं मी जिथे झोपायचो, तिथे भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. काळ्या दगडांच्या उंच भिंती आणि त्यांच्या मधोमध हिरवंगार, स्वच्छ पाणी. उन्हाळ्यात भट्टीच्या धगीने अंग भाजायचं तेव्हा मी त्या पाण्याकडे बघत पडायचो. चाळीस वर्षांनी तेच पाणी मुलीच्या मोबाइलवर दिसलं. तेच की त्याच्यासारखं दुसरं, देव जाणे; मी तेच धरलं. चौदा दिवसांत नऊ बेटं बघायची आणि शेवटच्या दिवशी ते दगडातलं पाणी, असा बेत मी कागदावर लिहून काढला.

पहिलं बेट म्हणजे वाळूचा नुसता ढीग होता. त्याची प्रदक्षिणा अकरा मिनिटांत झाली. एवढ्याने समाधान होईना म्हणून त्यांनी आणखी दोन घातल्या. दुसऱ्या बेटाला अर्धा दिवस लागला. तिसऱ्यावर चांगला डांबरी रस्ता होता, रिक्षासारखी वाहनं होती, पण ते काठानेच जाणार, आणि त्यात आमचे तीन दिवस गेले. नऊ बेटांची पाच झाली, मग चार झाली. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "पाव्हणं, तुम्ही म्हणाल तसं," आणि संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून एकटाच शिव्या देऊन यायचो.

भाव करणं तर त्यांनी मला अशक्य करून ठेवलं. तिकडच्या होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूचे लांब पाय असतात. अशा एका होडीवाल्याला मी पाऊण तास घोळवून, दोनदा उठून निघून जायचं नाटक करून अगदी वळणावर आणला होता. तेवढ्यात आमचे व्याही होडीवरून हात फिरवत त्याला शुद्ध हिंदीत म्हणाले, "भाईसाहब, नाव तो आपने बहुत ख़ूब बनवाई है!" त्याला हिंदी येत नव्हती, पण कौतुक कुठल्याही भाषेत कळतं. तो छाती फुगवून पहिल्या भावावर परत गेला. रात्री झोपायच्या दुमजली खाटांवर मी खालची त्यांना द्यायचो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडीने वर चढायचो. मानाची जागा त्यांची. ते "बरं" म्हणायचे आणि खाली आडवे व्हायचे.

शेवटच्या दिवशी दगडातल्या पाण्याकडे जाणारी होडी दहाला सुटणार होती. पहाटेच पाव्हण्यांनी मला उठवलं. "हे बेट लहानसं आहे व्याहीबुवा. दोन तासांत होऊन जाते. तुम्ही झोपा, मी येतो जाऊन." मुलीच्या सासऱ्याला परमुलखात एकटं कसं सोडणार? निघालो. अर्ध्या वाटेवर समुद्रात घुसलेला एक कडा लागला; त्याला वळसा घालून पलीकडच्या वाळूवर उतरतो न उतरतो तोच भरती आली. पुढे पाणी, मागे पाणी, वर उभा दगड. त्या वाळूवर कोळ्यांची दोन घरं होती, पायाला दोरी बांधलेले पाचसहा कोंबडे होते, आणि जाळं दुरुस्त करत बसलेली एक बाई होती. तिने बोटांनी खुणा करून सांगितलं, पाणी तीनला उतरेल.

दहा वाजून गेल्यावर आमची होडी आमच्या डोळ्यांसमोरून गेली. मी सदरा काढून हलवला. होडीवाल्याने ओळखलं आणि मोठ्या आनंदाने हात हलवून आम्हाला निरोप दिला.

आणि मग तेरा दिवसांचं साठलेलं सगळं माझ्या तोंडातून एकदम बाहेर पडलं. "अरे माणसा! गोल गोल फिरून मिळतं काय तुला? घाण्याचा बैल आहेस का? चाळीस वर्षं मी वाट बघितली त्या पाण्याची, चाळीस वर्षं!" कोंबडेसुद्धा ओरडायचे थांबले. बाईच्या हातातली सुई थांबली. व्याही माझ्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. मला वाटलं, अपमान. मुलीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. पाच मिनिटांत मी त्यांची पिशवी माझ्या पाठीवर घेतली, नारळ फोडून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "पाव्हणं, सावलीत बसा." ते सावलीत बसले. त्यानंतर लखनौ येईपर्यंत ते माझ्याशी चार शब्द बोलले असतील-नसतील.

आठ महिने असेच गेले. दिवाळीला मी फराळ पाठवला, त्यांच्याकडून फराळ आला. माणूस आला नाही. चूक माझी होती, पण माझं पाणीही त्यांनीच घालवलं होतं, मग आधी मी का वाकायचं? पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी जानकीपुरमहून निशातगंजला माहेरी आली, तेव्हा तिला न्यायला मीच गेलो होतो, आणि व्याही नेमके त्या वेळी 'दूध आणायला' गेलेले होते.

एके दिवशी मुलीने मला धरलं. ती इथेच वाढली, मराठी सगळी समजते, बोलते हिंदीत. "पापा, बारशे में आप दोनों अलग-अलग कोने में बैठोगे क्या? बच्चा किस तरफ़ जाएगा?"

"मी काय केलं? त्यांना विचार."

"वो परसों इंडोनेशिया जा रहे हैं. अकेले. मम्मीजी दो दिन से रो रही हैं. कोई साथ जाने वाला ही नहीं है, पापा."

ती उठून गेली. मी तिथेच बसलो, आणि का कोण जाणे, मला ती वाळू आठवायला लागली. मी रागात असल्यामुळे तेव्हा काही पाहिलंच नाही असं मला वाटत होतं. पण होतं सगळं. त्या बाईने दिलेला भात आणि भाजलेला मासा होता. उपड्या होडीवर बसून व्याही तिला जवसाची चटणी चाखायला देत होते, आणि ती डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. खडकाच्या सावलीतलं पाणी हिरवं होतं, तळाची शिंपली दिसत होती, आणि मी पाय सोडून त्यात पाच तास बसलो होतो. एवढं निवांत मी सोळाव्या वर्षानंतर कुठेच बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जानकीपुरमला गेलो. व्याही पलंगावर पिशवी भरत होते. मला बघून ते उभे राहिले, मीही उभाच राहिलो.

"पाव्हणं, त्या दिवशी तोंडातून वाईट गेलं. मोठ्या मनानं—"

"काय गेलं?"

"ते... घाण्याचा बैल."

ते खाली बसले आणि पोट धरून हसले. "खोटं काय त्यात? तेहतीस वर्षं स्टोअरमध्ये तेच तर करून राहिलो होतो मी."

"मग बोलणं का टाकलंत?"

"मी टाकलं?" ते एकदम गंभीर झाले. "तेरा दिवस तुम्ही माझ्या मागे 'हो पाव्हणं, बरं पाव्हणं' करत चालले. मला वाटे, हा माणूस माझ्यासोबत आलाच नाही, पोरीच्या सासऱ्यासोबत आला आहे. बाकी दुनियेशी कसे कडाकडा भांडता तुम्ही! मी त्या होडीवाल्यांचा हेवा करत होतो. त्या दिवशी माझ्यावर ओरडले, तेव्हा वाटलं, चला, सोबत मिळाली एकदाची. आणि पाचच मिनिटांत तुम्ही माझी पिशवी उचलली!" पिशवीत पंचा कोंबत म्हणाले, "आणि खिडकी वरच्या खाटेला असते. मला वर झोपायचं होतं."

"मग सांगायचं होतं!"

"कसं सांगू? तुम्ही एवढा मान देऊन राहिले होते."

मला सोबत जाता येत नव्हतं. मुलीचे दिवस भरत आले होते आणि माहेरच्या माणसाने घर सोडायचं नसतं. मुलाचा बाप मात्र दहा दिवस हिंडायला मोकळा. ही आणखी एक तक्रार माझ्याकडे आहेच. पण त्यांना अमौसीला सोडायला मी स्वतः गाडी काढली. विमानतळाच्या दारात त्यांनी मला पहिल्या बेटाचा नकाशा दाखवला. मधोमध केवढातरी डोंगर, आणि काठ संपता संपेना.

"हे? पायी? एकटा?" माझा आवाज चढला. "अरे, वय काय तुझं? बारशाला नातवाच्या हातात आजोबाचा फोटो देणार आहेस का? भरतीची वेळ विचारल्याशिवाय एक पाऊल टाकलंस तर बघ!"

बोलून मी थबकलो. व्याह्यांचा चेहरा उजळला होता, अगदी तसाच, जसा त्या वाळूवर उजळला होता आणि मला ओळखता आला नव्हता. "आणखी बोला," ते म्हणाले. मी पुष्कळ बोललो असतो, पण मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि दारावरचा जवान आमच्याकडे बघत होता. "चाचाजी, अंदर जाइए, लड़ाई बाद में कर लीजिएगा." ते आत गेले. काचेपलीकडे ती साडेपाच किलोची पिशवी बराच वेळ दिसत होती. मग माणसांत मिसळली.

त्या दिवशी दुकानात मी कोणावरच ओरडलो नाही. एका सराफाने वजनात चक्क घोळ केला, तरी नाही. कारागीर एकमेकांकडे बघायला लागले, आणि दुपारी त्यातल्या एकाने हळूच येऊन विचारलं, "सेठ, तबीयत तो ठीक है ना?"