काकूंची डावखुरी बंदूक

ऑकलंडच्या उत्तर किनाऱ्यावर हरणाची शिकार केलेली एकमेव शुद्ध शाकाहारी बाई म्हणजे आमच्या घरमालकीण काकू. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी, केकमध्ये अंडं असेल या संशयाने ऑफिसातले सगळे वाढदिवस कोरड्या बिस्किटावर काढणारी, घरात शिरलेल्या कोळ्याला कागदावर घेऊन, त्याच्याशी दोन शब्द बोलून बागेत सोडून येणारी ही बाई साठीला टेकल्यावर बंदुकांच्या दुकानात उभी राहिली आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, "डाव्या हाताची हवी. आणि परवडणारी." मी शेजारीच होतो. त्या वेळी मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी भिंतीवरच्या भुसा भरलेल्या डुकराकडे बघत राहिलो.

आल्बनीत काकूंच्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही नवराबायको चार वर्षं राहिलो. पुण्याहून आलो तेव्हा इथे आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मुलगी झाली, माझ्या सासूबाईंचा व्हिसा काही वेळेत आला नाही, आणि आमचं बाळंतपण काकूंनी केलं. फार्मसीतली ड्यूटी संपवून यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, हिच्या पुढ्यात डिंकाचा लाडू ठेवायच्या आणि ती तो पूर्ण खाईपर्यंत समोर बसून राहायच्या. आभार मानायला गेलं की म्हणायच्या, "थँक्यू वगैरे दुकानात म्हण. घरात डबा परत आण, म्हणजे झालं." हा डबा म्हणजे काकूंच्या आयुष्याचा कणा होता. त्यांच्याकडून आलेला डबा रिकामा परत गेला तर त्या तो उघडून, उलटा करून, जणू काहीतरी आत चिकटून राहिलं असेल अशा आशेने बघायच्या. एकदा घरात काहीच नव्हतं म्हणून मी त्यात चमचाभर साखर घालून नेली. काकू प्रसन्न झाल्या. "याला म्हणतात संस्कार," म्हणाल्या.

काकू पक्क्या डावखुऱ्या. लहानपणी सांगलीला शाळेत आणि घरात त्यांच्या डाव्या हातावर इतक्या पट्ट्या पडल्या होत्या, की लिहायला, जेवायला आणि वाढायला त्या उजवा हात शिकल्या. पण राग आला, घाई झाली किंवा काम नाजूक असलं की डावा हात आपोआप पुढे यायचा. कात्री, डबे उघडायचं यंत्र, बटाट्याची सालं काढायचं सोलाणं, यांतलं काहीही त्यांच्या हाताला नीट बसत नसे. या सगळ्या वस्तूंशी त्यांचं कायमचं भांडण होतं. "जग उजव्यांनी उजव्यांसाठी केलंय रे," त्या म्हणायच्या, "आपण आपलं पाहुण्यासारखं राहायचं."

आता ही बाई शिकारीच्या वाटेला कशी लागली, ते सांगायला हवं. शेजारी ब्रूस नावाचे एक आजोबा राहत. काकू त्यांना 'ब्रूसभाऊ' म्हणत, आणि त्यांना तो आपल्या नावाचा भारतीय उच्चार वाटे. या गोष्टीच्या अठरा वर्षं आधी काका-काकू इथे आले आणि वर्षाच्या आत काका गेले. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात सकाळी कामावर गेले ते परत आलेच नाहीत. हृदय बंद पडलं. ना मूलबाळ, ना नातेवाईक. चौथ्या दिवशी दाराची घंटा वाजली. दारात आइस्क्रीमचा दोन लिटरचा प्लास्टिकचा डबा होता आणि ब्रूसभाऊ मागे वळून न बघता आपल्या घराकडे निघाले होते. डब्यात त्यांनी स्वतः मारलेल्या हरणाचं मांस होतं. "सुतकात घरी मटण आलेली मी एकटीच असेन," काकू हसून सांगायच्या. "पण त्या आठवड्यात माझ्या दाराशी तेवढंच आलं रे. दुसरं कोणी आलं नाही."

आणलेलं अन्न नाकारायचं कसं? काकूंनी ते मांस लिंबाच्या झाडाखाली पुरलं, वर हात जोडले, डबा तीनदा घासला आणि बेसनाचे लाडू भरून परत केला. तिथेच चूक झाली. इथल्या लोकांत आइस्क्रीमचा रिकामा डबा कोणी परत करत नाही, आणि भरून तर नाहीच नाही. ब्रूसभाऊ भारावून गेले. पुढच्या एप्रिलमध्ये, हरणांच्या माजाच्या दिवसांत, तोच डबा पुन्हा भरून आला. काकूंनी चिवडा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मांस फार्मसीतल्या फिजीच्या एका बाईंकडे जाऊ लागलं, लाडू-शंकरपाळे ब्रूसभाऊंकडे जाऊ लागले आणि हे सतरा वर्षं चाललं. काकू खोटं कधी बोलल्या नाहीत. "कसं झालं होतं यंदाचं?" असं भाऊंनी विचारलं, की त्या म्हणायच्या, "एक दिवससुद्धा टिकलं नाही हो!" ते तर शब्दशः खरं होतं.

मग ब्रूसभाऊंना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. घर विकायचं ठरलं. पुढच्या ईस्टरनंतर मुलगी त्यांना दक्षिणेला आपल्याकडे नेणार होती. काकू भेटायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, पोरवयापासून एकही एप्रिल हरणाशिवाय गेला नाही, हा पहिलाच जाणार. त्यांच्या शिकारीच्या जोडीदारांपैकी एक वारला होता, दुसरा ऑस्ट्रेलियात होता. काकू घरी आल्या. ओट्यावर मागच्या वर्षीचा डबा परत जायची वाट बघत होता. त्या रात्री त्यांनी आम्हाला वर बोलावलं.

"मी शिकार करणार," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, सुपरमार्केटमध्ये हरणाचं मांस मिळतं. पॅकेटमध्ये."

"विकतचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिवाळीत विकतचा फराळच सुचवला होता. "त्यांनी अठरा वर्षांपूर्वी मला विकतचं आणून दिलं होतं का? आता ते जाणार, त्यांचं हरीण हुकणार, या खेपेला लाडवांनी भागायचं नाही. डबा राहिला तर जन्मभर राहील माझ्याकडे."

मग सुरू झालं ते प्रकरण मी कधी विसरणार नाही. परवान्यासाठी सुरक्षिततेचा वर्ग होता. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांत बसून काकूंनी लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि शिकवणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या पत्रकातल्या दोन चुका दाखवून दिल्या. पोलिसांतर्फे चौकशीला एक बाई घरी आल्या. ओळख देणारा माणूस म्हणून मला बसवलं होतं. "यांना राग येतो का?" मी म्हटलं, "हो, फोडणी करपली की." त्यांनी ते लिहून घेतलं. "बंदूक कशासाठी हवी?" असं काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एक डबा परत करायचा आहे." बाईंनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि शेवटी 'शिकार' असं लिहिलं. जाताना त्या पोह्यांची कृती घेऊन गेल्या.

ब्रूसभाऊंनी लगेच आपली जुनी रायफल देऊ केली. पण ती उजव्या हाताची. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा मागेपुढे सरकणारा दांडा, उजवीकडे होता. डाव्या खांद्याला लावली की प्रत्येक वेळी हात वरून पलीकडे न्यायचा, आणि रिकामं काडतूस नाकासमोरून उडून जायचं. नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच बाराला काकूंचा चष्मा गवतात पडला. "उजव्या हाताने शीक ना, बाई," भाऊ चाकाच्या खुर्चीतून म्हणाले, "सगळे शिकतात." काकूंनी चष्मा पुसला. मग त्या जे बोलल्या ते त्यांनी मराठीतच म्हटलं, त्यामुळे कळलं फक्त मला. "जन्मभर सगळ्यांना उजव्या हाताने वाढलं. हे एक डाव्या हाताने वाढणार."

मग आम्ही दुकानं पालथी घातली. डावखुऱ्यांसाठी नवी रायफल म्हणजे मोजकेच नमुने, त्यातही मागवून घ्यायची, वर महाग. काकूंनी वही काढली आणि तीन शनिवार दुकानदारांना असे प्रश्न विचारले, की मुलगी बघायला आलेल्या वरमाईनेसुद्धा विचारले नसतील. वजन किती? दणका किती? घराणं कुठलं? आधी कोणाकडे होती आणि तिथून का निघाली? एका विक्रेत्याने मोठ्या हरणासाठी मोठी नळी दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला एक डबा भरायचाय, कोल्डस्टोरेज नाही." शेवटी काकूंच्या फार्मसीतल्या डोक्याने एक गोष्ट ओळखली. नवी डावखुरी महाग असते, पण वापरलेली डावखुरी कोणालाच नको असते! एका दुकानाच्या कोपऱ्यात, एका डावखुऱ्या शेतकऱ्याची हलकी, टू-फॉर्टी-थ्री मापाची रायफल दोन वर्षं धूळ खात होती. दणका कमी, लहान हरणाला पुरेशी. काकूंनी ती डाव्या खांद्याला लावली, बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. कुठे अडलं नाही. त्यांनी पुन्हा तसं केलं. मग पुन्हा. "अरे," त्या हळूच म्हणाल्या, "ही माझ्या हाताची आहे." त्यांचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. पण पुढच्याच क्षणी त्या भानावर आल्या आणि जिथे कोणी घासाघीस करत नाही त्या देशात तुळशीबागेच्या इतमामाने घासाघीस करून पट्टा, काडतुसांचा डबा आणि साफसफाईची पेटी फुकट घेऊन बाहेर पडल्या. मागून दुकानदार म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास'. तो आवाज हरलेल्या माणसाचा होता.

ब्रूसभाऊ काकूंच्या ओसरीवर खुर्चीत बसून शिकवायचे. श्वास अर्धा सोड, थांब, ओढू नकोस, नुसतं दाब. काकू अंगणात सतरंजीवर पालथ्या पडून रिकाम्या बंदुकीने लिंबाच्या झाडावर नेम धरायच्या. ज्या झाडाखाली पहिल्या डब्यातलं मांस पुरलं होतं तेच ते झाड, हे भाऊंना कुठे माहीत होतं!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, वर्गाचे मास्तर आम्हाला कायपाराकडच्या एका ओळखीच्या शेतावर घेऊन गेले. तिथे हरणं गुरांचं गवत फस्त करतात म्हणून मालकाची तक्रारच होती. काकूंनी स्वतः विणलेली भगवी माकडटोपी घातली होती, शिवाय सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. तासाभराने टेकाडाखालून एक हरीण आलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं काकू आता बंदूक खाली ठेवतील, डोळे पुसतील आणि आपण पुऱ्या खाऊन घरी जाऊ. मनातून मला तेच हवं होतं. पण काकूंनी अर्धा श्वास सोडला. एकच बार झाला. हरीण जागच्या जागी कोसळलं.

काकू तिथवर चालत गेल्या, बूट काढून गुडघ्यांवर बसल्या आणि बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. "माफ कर, बाबा," म्हणाल्या, "एकाचं देणं होतं." मास्तरांनी टोपी काढली आणि ते माओरी भाषेत प्रार्थनेसारखं काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, पुऱ्या मी आणि मास्तरांनी खाल्ल्या. बाकी सगळं मांस त्यांनी मास्तरांना आणि शेतमालकाला दिलं. स्वतःसाठी घेतला फक्त एक डबा.

डोक्यावरून आंघोळ करून दुसऱ्या दिवशी काकू शेजारी गेल्या. मी डबा धरायला म्हणून गेलो होतो, पण त्यांनी मला हातही लावू दिला नाही. त्यांनी तो डाव्या हाताने पुढे केला. ब्रूसभाऊंचा उजवा हात मांडीवर पडून होता, त्यांनीही तो डाव्याने घेतला. झाकण उघडून आत पाहिलं, बंद केलं आणि डबा मांडीवर धरून ठेवला. मग भाऊ म्हणाले, "खांदा दुखतोय का?" काकू म्हणाल्या, "थोडा." एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर आठवड्याभरात काकूंनी रायफल एका डावखुऱ्या शाळामास्तरणीला विकली, आणि तिला एका पैशाचीही घासाघीस करू दिली नाही.

ब्रूसभाऊ निघाले त्या सकाळी त्यांची मुलगी आमच्याकडे येऊन डबा देऊन गेली. आत त्यांच्या झाडाचे पेरूसारखे हिरवे फिजोआ होते, पिकलेले, घमघमणारे, अगदी झाकण बसू नये इतके. वर एक चिठ्ठी होती. डाव्या हाताने नव्यानेच लिहायला लागलेल्या माणसाचं वेडंवाकडं अक्षर. "डबा रिकामा परत करू नये, हे तुझ्याकडून शिकलो. आणि हे तुला खाता येतील."

काकूंनी ती ओळ दोनदा वाचली. मग खाली बसल्या. "म्हणजे याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "अरे, कधीपासून माहीत होतं याला? मग पाठवत का राहिला?" मग त्यांनीच उत्तर दिलं. "बरोबर आहे. थांबला असता तर डबाच थांबला असता." त्यांनी एक फिजोआ मधोमध कापला, चमचा डाव्या हातात घेतला आणि आतला गर रडत रडत खाल्ला. जरा आंबट आहे म्हणाल्या.

पुढे आम्ही आमच्या घरी राहायला गेलो. निघताना काकूंनी तोच डबा शंकरपाळ्यांनी भरून हिच्या हातात दिला. झाकणावरचं आइस्क्रीमचं चित्र आता पार पुसलं गेलंय. दर पंधरा दिवसांनी आम्ही तो भरून नेतो, आणि दर वेळी तो भरूनच परत येतो. काकूंनी आमच्यासाठी जे केलं त्याची फेड आमच्याने होणार नाही, आणि डबा हातात घेऊन त्यांच्या पायऱ्या चढताना मला वाटतं, होऊच नये.