मुकादमांचा डोंगर

थर्माकोलच्या डोंगरावर मुकादम आधी तळहात टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "हात लावून बघा शेठ. नुसतं डोळ्याला काय कळतंय?"

तुमच्याही गावात असा एखादा असेल, निवृत्त होऊनही नोकरी न सुटलेला. पांढरा सदरा, पांढरी टोपी घालणारे आमचे मुकादम रेल्वेचे रूळ सांभाळत म्हातारे झाले. आता त्यांचा मुलगा त्याच टप्प्यावर रोज रूळ तपासत चालायचा. उंब्रजला माझं रंगाचं दुकान. शेजारच्या दुकानातून ते टीव्ही-फ्रीजच्या खोक्यांतला थर्माकोल उचलून न्यायचे आणि तापलेल्या तारेनं कापत बसायचे. वर कागद आणि डिंकाची साल चढवायचे. वर्षभरात त्यांनी डोंगर फोडून रूळ नेलेली खिंड, अलीकडची ओढ्यावरची मोरी, सिग्नल, सगळं उभं केलं. त्यांच्या घरच्या काकू करवादायच्या, "माणसाला निजाय जागा न्हाई आन् डोंगराला खोली!"

मला वाटायचं, म्हातारपणीचं खेळणं. तसं नव्हतं. खिंडीच्या माथ्यावर त्यांना खरोखरची एक भेग दिसली होती. "दरसाल बोटभर सरकतीया," ते म्हणाले. "आन् खालनं माझं पोरगं चालतंय." तोंडी सांगून रेल्वेच्या साहेबांना पटेना, म्हणून दाखवायला हा डोंगर. त्यावर ती भेगही कोरली होती. रुळाकडेला नारिंगी जाकिटातला काडीएवढा माणूस होता. तो मुलगा.

शेवटचा हात मारायला त्यांनी मातकट रंग मागितला. मी स्प्रेचा डबा दिला. जन्म रंग विकण्यात गेला, पण तो स्प्रे थर्माकोल खातो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रंग भेगेतून आत उतरला आणि डोंगर पोटातून विरघळत गेला. वरची साल तेवढी तशीच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकादम मात्र वाकून आत बघत राहिले.

"बराबर असंच हाय, शेठ. पाणी आतनं खातंय. वरनं काय दिसत न्हाई."



तो पोकळ डोंगर तसाच टेम्पोत घालून ते साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. त्यांनी चहा पाजला, बघायला माणूसही पाठवला. पण ऐन उन्हाळा, कडा कोरडा ठणठणीत. त्याला भेगेत धोक्याचं काही दिसलं नाही. परत आलेला डोंगर काकूंनी घरात घेतला नाही. तो माझ्या दुकानामागच्या खोलीत आला.

श्रावणात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादम आले.

"वाईच पांढरा द्या. पाण्यातला."

"आता काय राहिलं, मुकादम?"

"एक चूक झालीया. तेवढी निस्तरतो."

पाच मिनिटं मागे बसले, ब्रश धुऊन ठेवला आणि गेले. मी गिऱ्हाइकात होतो, उठून बघितलं नाही.

सकाळी त्यांनी मुलाला मोरीवरच अडवलं. "आईला बरं न्हाई, घरी जा. तवर मी बघतो," असं खोटंच सांगून माघारी धाडलं आणि त्याची लाल झेंडी घेऊन खिंडीत शिरले. गाडी अलीकडेच थांबली. ड्रायव्हर सांगत होता, झेंडी हलताना दिसली, मग कडा खाली आला आणि झेंडी दिसेना.

दहाव्यानंतर मी मागच्या खोलीत गेलो. रुळाकडेचा माणूस जागेवरच उभा होता. त्याच्या नारिंगी जाकिटावर पांढरा रंग फिरवला होता आणि डोक्यावर कागदाची इवलीशी पांढरी टोपी बसवली होती.