बदली झालेला बाप

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या आरोपींवर मी जितका चिडलो नसेन, तितका त्या दिवशी एका सज्जन घरावर चिडलो. त्यातला थोडा राग स्वतःवरही होता.

मी तेव्हा उज्जैनमध्ये एका ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्याकडे टीआई म्हणतात. श्रावणातला सोमवार होता. सवारीचा, म्हणजे देवाच्या पालखीच्या मिरवणुकीचा दिवस, त्यामुळे शाळांना सुट्टी, अर्धा स्टाफ बंदोबस्तावर, रस्ते वळवलेले आणि शहरात मुंगी शिरायला जागा नाही. दुपारी दोनच्या सुमारास फ्रीगंजमधलं एक मराठी कुटुंब ठाण्यात आलं. बँकेतल्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून इकडे आलेली माणसं. सात वर्षांची मुलगी तासाभरापासून घरात नव्हती.

अल्पवयीन मूल हरवलं की आम्ही थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवतो. रोजनामच्यात नोंद केली, वायरलेसवर वर्णन दिलं आणि घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. मुलीच्या काकांनी डोक्याचे केस काढलेले होते. मी विचारलं, तर आजोबा हळू आवाजात म्हणाले, "मोठा मुलगा गेला. हिचा बाप. परवाच तेरावा झाला."

"मुलगी कशी होती या दिवसांत? रडत होती? काही बोलली?"

"अहो साहेब, बच्ची आहे, तिला काय समजतं! खाते, खेळते, एकदम मस्त आहे. एकदा रडली नाही बघा."

मी वहीत लिहिलं, 'वडील मयत. घरात वाद नाही.' पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला अधिकारी, आणि बाप जाऊन पंधरा दिवस झालेलं पोर एकदाही रडत नाही, हे मला खटकलं नाही! ज्या घरात तेरावा झाला त्या घरात फोटो नव्हता, हार नव्हता, हेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. माझं डोकं अपहरणात अडकलं होतं.

तासाभरात मुखबिराचा फोन आला. देवास गेट बसस्टँडवर पानाची टपरी चालवणारा हा माणूस आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा. "साहब, वैसी ही बच्ची थी। स्कूल वाले ऑटो से उतरी, पीठ पर बस्ता था।"

शाळेला सुट्टी, मग शाळेचा ऑटोवाला मुलीला घेऊन बसस्टँडवर कशाला जाईल? मी त्याला उचलून आणला. पस्तिशीचा, कामाला चोख माणूस. दोन वर्षं तिला शाळेत नेत होता.

"आज बच्ची को देखा?"

"नहीं साहब।"

"देवास गेट गया था?"

"नहीं साहब।"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. आज ते लिहिताना मान खाली जाते, पण झालं ते झालं. खोटं तो बोलत होताच, पण का बोलतोय हे मी विचारलं नव्हतं. तो रडायला लागला.

"साहब, मैंने ही छोड़ा। नुक्कड़ पर खड़ी थी। बोली, मम्मी बस स्टैंड पर हैं, हम भोपाल जा रहे हैं। मैंने सोचा, तेरहवीं हो गई, रिश्तेदारी में जा रहे होंगे। बाद में सुना कि ढूँढ रहे हैं, तो डर गया।"

"भोपाल में कौन है?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ते माहीत असायला हवं होतं. "शुक्रवार को भी पूछ रही थी, भैया, भोपाल की बस कहाँ से मिलती है। मैं क्या बोलता साहब? दादाजी ने हाथ जोड़कर कहा था, बच्ची के सामने कुछ मत निकालना।"

"क्या मत निकालना?"

"यही, कि उसके पापा नहीं रहे।"

मी तसाच उठून फ्रीगंजला गेलो. दारातच विचारलं, "भोपाळला कोण आहे तुमचं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी आईच म्हणाली, "आम्ही तिला सांगितलंय... बाबांची भोपाळला बदली झाली म्हणून."

बँकेतल्या माणसांच्या घरात हे खोटं अगदी सहज चालतं. मुलीने सात वर्षांत दोन बदल्या पाहिल्या होत्या. बदली म्हणजे काय, हे तिला त्या घरातल्या कोणाहूनही नीट ठाऊक होतं. आधी बाबा जातात, मग खोकी भरतात, मग सगळे जातात. ती पंधरा दिवस खोकी कधी भरणार याची वाट पाहत होती. अंत्यसंस्काराच्या दिवशी तिला शेजारी पाठवलं. काकांनी टक्कल का केलं, तर डोक्यात फोड आले. आई का रडते, तर दात दुखतोय. एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं. आमच्या लॉकअपमधले सराईत परवडले, ते निदान लहान पोराला फसवत नाहीत.

"मी विचारलं, मुलगी कशी होती, काही बोलली का. आणि तुम्ही म्हणता, बच्ची मस्त आहे!" मी ओरडलो. "सवारीच्या गर्दीत तुमची मुलगी एकटी मेलेल्या बापाला शोधायला गेलीय, आणि तुम्ही इथे फोटो कपाटात लपवून बसलात!"

आजोबा काकुळतीला आले. "तिच्या भल्यासाठीच केलं हो साहेब."

त्यांच्या वयाकडे पाहून मी गप्प बसलो, नाहीतर आणखी बोललो असतो.

पुढचं काम पोलिसांचं होतं, ते चोख झालं. रस्ते वळवल्यामुळे भोपाळची बस तासभर उशिरा सुटली होती. भोपाळच्या वाटेवरच्या सोनकच्छ ठाण्याला फोन केला. त्यांनी बस थांबवली. एका म्हाताऱ्या बाईशेजारी मुलगी बसली होती. कंडक्टरला वाटलं, तिचीच नात.

महिला आरक्षकाला, म्हणजे कॉन्स्टेबलला, घेऊन मी सोनकच्छला पोचलो, तेव्हा ती बाकावर बस्ता मांडीवर घेऊन बसली होती. समोरचा बिस्किटाचा पुडा तिने फोडलाही नव्हता. मी मराठीत बोललो तशी तिने मान वर केली.

"काका, तुम्ही मला बाबांच्या बँकेत नेणार?"

"बस्त्यात काय आहे गं?"

तिने उघडून दाखवलं. वह्या काढून टाकल्या होत्या. बापाचा एक स्वेटर, गोळ्यांची अर्धी पट्टी, आणि चष्मा. चष्म्याच्या मोडलेल्या काडीला जखमेवर लावतात ती पांढरी पट्टी गुंडाळली होती.

"माझ्या हातून मोडला. बाबा रागावले. मग ते दवाखान्यात गेले, आणि मग मला न सांगता बदलीला गेले. म्हणून फोनपण करत नाहीत." ती पट्टीवर बोट दाबत म्हणाली, "आता नीट केलाय मी."

मी उठलो. बाहेर येऊन जीपजवळ उभा राहिलो. पंधरा दिवस हे पोर स्वतःला गुन्हेगार समजत होतं, आणि घरची माणसं म्हणत होती, एकदा रडली नाही बघा!

सांगायचा हक्क आईचा होता. मी तिला फोन केला. "ताई, आम्ही निघतोय. आज तुम्ही सांगायचं. आजच. झोपलेत, देवाघरी गेलेत, असलं काही नको. स्पष्ट."

दिवेलागणीला घरी पोचलो. पोरगी जीपमधून उतरते न उतरते तोच आजोबा पुढे झाले. "अगं राणी, आत्ताच बाबांचा फोन आला होता..."

"आजोबा, पुरे!" माझा आवाज गल्लीभर गेला.

आईने मुलीला मांडीवर घेतलं. बाई हिमतीची. "बाळा, बाबा भोपाळला नाहीत. आम्ही खोटं बोललो. बाबा खूप आजारी होते, दवाखान्यात ते वारले. मेले. आता ते परत येणार नाहीत."

"चष्म्यामुळे?"

"नाही गं! चष्म्यामुळे कोणी मरत नाही. तुझ्यामुळे तर नाहीच नाही."

मुलीने एकेकाकडे पाहायला सुरुवात केली.

"काकाला माहीत होतं?"

काकांनी मान हलवली.

"आजोबांना? शेजारच्या काकूंना? ऑटोवाल्या भैयाला पण?"

"हो," आई म्हणाली.

"म्हणजे फक्त मलाच नाही." एवढं म्हणून ती रडायला लागली. आईला घट्ट धरून, पंधरा दिवसांचं साचलेलं रडली.

आजोबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बघा साहेब, यासाठीच सांगत नव्हतो."

"रडू द्या," मी म्हणालो. "आता ती एकटी रडत नाहीये."

प्रकरण 'बालिका दस्तयाब', म्हणजे सापडली, असं लिहून बंद झालं. दुसऱ्या दिवशी मी ऑटोस्टँडवर जाऊन चारचौघांत त्या ड्रायव्हरची माफी मागितली. तो म्हणाला, "छोड़ो साहब, बच्ची मिल गई।" पण ती थप्पड माझ्या हिशेबी राहिलीच.

मुलं लहान असतात, मूर्ख नसतात. घरात काही बिनसलंय हे त्यांना आपल्याआधी कळतं. आपण कारण सांगितलं नाही, तर ती स्वतःच कारण शोधतात, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे ती स्वतः असतात. आपण त्यांचं दुःख वाचवत नाही, आपल्याला सांगण्याचा त्रास नको असतो. भल्यासाठी हा शब्द ऐकला की मला अजूनही संताप येतो.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. पाच वर्षांची नात दारात उभी राहून विचारत होती, आजी कुठाय. मुलगा म्हणाला, "बाबा, तिला सध्या गावाला गेली म्हणूया." मी त्याला हाताने थांबवलं, नातीला जवळ बसवलं आणि आहे ते सांगितलं. ती रडली, मीही रडलो.

थोड्या वेळाने तिने माझा शर्ट ओढला. "आबा, मी काल आजीचं औषध सांडलं होतं. त्यामुळे?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो.

"नाही गं," मी म्हणालो. "तुझ्यामुळे अजिबात नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.