पाहुण्यांचं पाणी

गावात शिरलं की ताई मारुतीच्या पारावर पेन आडवं ठेवायच्या आणि गर्रकन फिरवायच्या. टोक थांबेल त्या दिशेची घरं विचारायला घ्यायची. सरपंच शाळेजवळची नीटनेटकी घरं सुचवायचा. ताईंचं उत्तर ठरलेलं, "टोक जिकडे, आपण तिकडे."

मी सातपूरचा. आधी अंबडला कंपनीची बस चालवायचो, मग ताईंच्या सर्व्हेची जीप. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर पाण्याचे पंप बसवले होते. ते लोकांच्या कामी येतात का, हे थोड्या घरांना विचारून ठरवायचं. माझं डोकं फिरायचं हो! रस्ता नसेल नेमकं तिकडेच ते टोक जायचं. मी कुरकुरलो की ताई म्हणायच्या, "दादा, शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत आपण निवडायचं नाही."

प्रत्येक घरात आधी पाणी मागायच्या, मग प्रश्न. पाणी घेतलं की माणूस मोकळं बोलतं म्हणे. वाटेत बाईमाणसाला आडोसा कुठला? परतताना मग शहरातल्या द्वारका चौकातलं शौचालय येईपर्यंत अवघडून बसायच्या बिचाऱ्या, आणि मी खड्डे चुकवायचो.

त्या दिवशी टोक ओढ्यापलीकडे गेलं. पंप कसा, तर चांगला हाय. पाणी कसं, चांगलं हाय. शेवटच्या घरात म्हातारीनं गार तांब्या पुढे केला. आढ्याला टांगलेल्या झोळीत तिचा नातू कण्हत होता. म्हातारी त्याला चमच्यानं पाणी पाजत होती, पण दुसऱ्याच हंड्यातलं. ताईंचा तांब्या ओठांशीच थांबला.

"आजी, मला बाळाचं पाणी द्या."

म्हातारीनं हंड्यावर हात ठेवला. "ते नको, ताई. त्यानं पोट दुखतं. तुमाला झऱ्याचं हाय."

झरा डोंगरापल्याड, उन्हाळ्यात जेमतेम ठिबकणारा. तिथलं पाणी पाहुण्यांसाठी राखलेलं, घरच्यांना पंपाचं. आणि कुणी दिलेल्या वस्तूला त्याच्या माणसांसमोर नावं कशी ठेवायची? दरवर्षी सर्व्हेवाले झऱ्याचं पाणी पिऊन 'चांगलं' लिहून गेले. मीही ते पाणी मिटक्या मारत प्यायलो होतो.

ताईंनी पंपाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. म्हणाल्या, "आजी, पाहुण्यांचं पाणी बाळाला द्या. मी परत येते." म्हातारीनं मान हलवली, पाहुण्यांपुढे हलवतात तशी.

ऑफिसात साहेबांनी सांगितलं, लोक चांगलं म्हणतात ना, मग तेच लिहा. पाणी तपासणं आपलं काम नाही. ताईंनी सही केली नाही. ती बाटली घेऊन त्या कुठं कुठं फिरल्या, मला पूर्ण ठाऊक नाही. दिवाळीनंतर त्या कामावर दिसल्या नाहीत. फोन लागत नाही, आणि ऑफिसात त्यांचं नाव काढलं की सगळे विषय बदलतात. मला त्या बाईची फार आठवण येते.

यंदा पंप आणखी गावांत बसवायचे आहेत, म्हणून पुन्हा सर्व्हे निघाला. आता घरं मोबाइल निवडतो. त्यानं नेमकं तेच घर काढलं. म्हातारीनं मला ओळखलं, तांब्या पुढे केला. नवे साहेब प्यायले. "वा, काय गोड पाणी आहे," म्हणाले आणि मोबाइलवर बोट दाबलं.

आढ्याला झोळीची नुसती दोरी लोंबत होती. अंगणातही लेकरू दिसेना.

म्हातारीनंच मला विचारलं, "ताई नाय आल्या?"

मी तांब्या हातात धरून उभा राहिलो. पाणी गार होतं.